‘रेंट’ बसवायचं असेल तर आधी घड्याळ ऐका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमच्या गटाला जोनाथन लार्सनचं ‘रेंट’, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गाजलेलं म्युझिकल, करायचं आहे. गाणी सगळ्यांना पाठ आहेत. संहिता हातात आल्यावर मात्र गोंधळ उडाला: कथा तुकड्यातुकड्यांत पुढे सरकते, नाटकातली माणसं भाडं थकवतात आणि त्याचाच झेंडा करून मिरवतात. त्यात गटातल्या एकाने विचारलं की लार्सन पहिला प्रयोग ठरला होता त्याच दिवशी पहाटे गेला नसता, तर या नाटकाचं एवढं नाव झालं असतं का? म्हणजे नाटकात मुळात दम आहे का, आणि असेल तर तालमी कुठून सुरू करायच्या?

दम आहे. त्याच्या मृत्यूमुळे सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या, हे मान्य. पण 29 एप्रिल 1996 ते 7 सप्टेंबर 2008 अशी बारा वर्षं ब्रॉडवेवर 5,123 प्रयोग झाले. इतकी वर्षं कुणी नुसत्या हळहळीपोटी तिकीट काढत नाही. तुम्हाला कथा तुटक वाटते त्याचं कारण माझ्या मते वेगळं आहे. तुम्ही गाणी आधी ऐकलीत, आणि गाण्यांच्या मागे चालणारं घड्याळ तुम्हाला अजून ऐकू आलेलं नाही. मलाही पहिल्या वेळी आलं नव्हतं.

मी वीसेक वर्षं नाटकांचं संगीत दिग्दर्शन करते आहे. ‘रेंट’चं काम दोनदा केलं. पहिल्या वेळी आम्ही गाण्यांची मैफल बसवली. प्रत्येक गाणं सुरेल, टाळ्या भरपूर, आणि मध्यंतरानंतर प्रेक्षक हळूहळू निसटत गेलेले. एंजल हे पात्र मरतं तेव्हा सभागृहात कुणाचं मन हललं नाही. तो प्रयोग मला अजून टोचतो. दुसऱ्या वेळी कामाला सुरुवातच उलट्या टोकाने केली. ती कशी हे सांगते, पण आधी थोडं मागे जावं लागेल.

1988 मध्ये बिली अ‍ॅरन्सन या नाटककाराला पुचिनीच्या ‘ला बोहेम’ या ऑपेरातली गरीब कलावंतांची गोष्ट आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणावी असं वाटलं. पुढच्या वर्षी लार्सन त्याच्याबरोबर काम करू लागला. गोष्ट ईस्ट व्हिलेज या वस्तीत घडवायची ही कल्पना लार्सनची, आणि नावही त्याचंच. 1991 मध्ये अ‍ॅरन्सनच्या संमतीने त्याने नाटक स्वतःकडे घेतलं. पुढची पाच वर्षं शब्द, चाली, रचना सगळं तोच करत होता. पोटासाठी सोहोमधल्या मूनडान्स डायनरमध्ये वेटरचं काम, जवळजवळ दहा वर्षं. राहायला लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावरची जागा, स्वयंपाकघरातच न्हाणीचा टब. दारावर बझर नव्हता, म्हणून येणारा माणूस खालच्या सार्वजनिक फोनवरून फोन करायचा आणि लार्सन वरून किल्ली फेकायचा. नाटकाच्या पहिल्या दहा मिनिटांत कॉलिन्स हा मित्र खालून फोन करतो आणि वर राहणारा मार्क किल्ली फेकतो. हा प्रसंग विनोद म्हणून बसवला तर त्यातलं खरं जगणं हरवतं.

1993 मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये वाचन झालं, 1994 मध्ये कार्यशाळेच्या स्वरूपातले प्रयोग झाले, मग 1995 च्या अखेरीपर्यंत पुनर्लेखन. हे थिएटर ईस्ट फोर्थ स्ट्रीटवर आहे. म्हणजे ज्या वस्तीची गोष्ट, त्याच वस्तीतलं छोटं नाट्यगृह. 24 जानेवारी 1996 च्या रात्री शेवटची रंगीत तालीम झाली, आणि 25 च्या पहाटे लार्सन घरी मरण पावला. महाधमनी फाटली होती, आणि त्यामागे निदान न झालेला मार्फन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार असावा असं मानलं जातं. वय 35. आदल्या काही दिवसांत छातीत दुखतं म्हणून तो दोनदा दवाखान्यात जाऊन आला होता. 25 च्या संध्याकाळी नटांनी प्रयोगाऐवजी त्याच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी नुसतं बसून नाटक गायचं ठरवलं. पहिल्या अंकाचा शेवट येईपर्यंत कुणाला बसवेना. सगळे उठले आणि पुढचं नाटक त्यांनी हालचालींसकट केलं.

हे सांगते आहे ते डोळ्यांत पाणी आणण्यासाठी नाही. यातून कामाची एक गोष्ट हाती लागते. न्यूयॉर्कमध्ये नव्या नाटकाचे प्रीव्ह्यू प्रयोग होतात, आणि त्या काही आठवड्यांत लेखक प्रेक्षकांत बसून संहिता घासूनपुसून घेतो. कुठे प्रेक्षक चुळबुळतात, कुठलं गाणं एका कडव्याने लांबलं, हे तिथे कळतं. लार्सनला तो काळ मिळालाच नाही. दिग्दर्शक मायकेल ग्राइफ, संगीत दिग्दर्शक टिम वाइल आणि इतर सहकाऱ्यांनी जुजबी काटछाट केली, पण त्याच्या जागी बसून नवं लिहिलं नाही. तेव्हा तुमच्या हातात आहे तो शेवटचा हात न फिरलेला मसुदा. तुम्हाला जे सांधे सैल वाटतात, त्यांतले काही खरंच सैल आहेत. ते नाटकाचं मोठेपण म्हणून पूजायचे नाहीत, आणि त्यावरून नाटक कच्चं ठरवायचंही नाही. तुमचं काम आहे कुठला सांधा सैल आहे आणि कुठला मुद्दाम मोकळा ठेवला आहे, ते ओळखायचं.

आता भाड्याचं. तुमच्या गटातला राग मला समजतो, पण संहिता पुन्हा वाचा. बेनी हा याच मुलांबरोबर राहिलेला. श्रीमंत घरात लग्न झाल्यावर तो इमारतीचा मालक होतो. तुमच्याकडून भाडं घेणार नाही, असा शब्द त्याने दिलेला असतो. आणि ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी तो अचानक मागच्या सबंध वर्षाचं भाडं मागतो. त्यावर सौदाही पुढे करतो: शेजारच्या मोकळ्या जागेतून बेघरांना हटवायला विरोध म्हणून मार्कची आधीची मैत्रीण मॉरीन कार्यक्रम करणार आहे, तो थांबवा, भाडं माफ. म्हणजे सुरुवातीच्या गाण्यातला संताप फुकटेपणाचा नाही. दिलेला शब्द मोडला, आणि वर निष्ठा विकत मागितली, याचा तो आहे. हा धागा मोठ्या आवाजात सहज बुडतो. बेनीचा फोन आणि त्याची मागणी प्रेक्षकांना शब्दन्शब्द ऐकू गेली नाही, तर पुढचे दोन तास ते तुमच्या पात्रांना आळशी समजत राहतील.

मागे खरा इतिहासही आहे. लार्सनच्या पात्रांचा पत्ता अकरावा रस्ता आणि अ‍ॅव्हेन्यू बी यांचा कोपरा. टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क तिथून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट 1988 मध्ये पार्क रात्री बंद करण्यावरून तिथे पोलीस आणि लोकांत मोठी चकमक झाली. 1995 च्या मे महिन्यात तेराव्या रस्त्यावरच्या ओसाड इमारतींत राहणाऱ्यांना बाहेर काढायला पोलिसांनी चिलखती गाडी आणली. घरं महाग होत होती, जुनी वस्ती उठत होती, आणि कलावंत दोन्हीकडे होते: स्वतः हाकलले जाणारे, आणि त्यांच्या असण्याने वस्तीचा भाव वाढवणारेही.

हे दुसरं लार्सनला दिसत होतं. त्याचा पुरावा एका छोट्या प्रसंगात आहे. बहुतेक दिग्दर्शक तो घाईत उरकतात. पोलीस एका बेघर बाईला हुसकावतात, मार्क कॅमेरा रोखून त्यांना थांबवतो. आपण चांगलं काम केलं असं त्याला वाटत असतानाच ती बाई त्याच्यावरच उलटते: माझा फोटो काढून तुला नाव कमवायचंय, आणि खिशात एक डॉलर तरी आहे का मला द्यायला? तो नसतो. तुमच्या सगळ्या शंका ती बाई एका मिनिटात रंगमंचावर उच्चारते. तिच्यासाठी सर्वांत ताकदीची नटी घ्या, आणि ती निघून गेल्यावर दोन सेकंद वाद्यं वाजू देऊ नका.

आता घड्याळ. नाटकाची रचना कागदावर काढून पाहा. पहिला अंक जवळजवळ सबंध एका रात्रीत घडतो, ख्रिसमसची आदली रात्र. दुसरा अंक नव्या वर्षाच्या आदल्या रात्री सुरू होतो आणि पुढच्या ख्रिसमसपर्यंत जातो. म्हणजे एका अंकात एक रात्र, दुसऱ्यात एक वर्ष. मध्यंतरानंतर सगळे नट ओळीने पुढे येऊन उभे राहतात आणि वर्षाची मिनिटं मोजतात: 365 गुणिले 24 गुणिले 60, म्हणजे 5,25,600. ‘सीझन्स ऑफ लव्ह’ सगळीकडे गायलं जातं, समारंभांत, शाळांच्या निरोपाला. त्यामुळे ते सुविचार वाटायला लागलं आहे. नाटकात ते हिशेब आहे. पहिल्या अंकात एका रात्रीला सव्वा तास मिळाला, आता त्याहूनही कमी वेळात अख्खं वर्ष उलटणार आहे, हे प्रेक्षकांना त्या गाण्यातून कळायला हवं. दुसरा अंक तुम्हाला तुटक वाटतो तो यामुळे. तिथे प्रसंगांच्या मधले महिने गळून गेले आहेत, आणि ते तसेच गळायचे आहेत. आजारी माणसाचं वर्ष असंच जातं.

कारण आठ मुख्य पात्रांपैकी चौघांना एचआयव्ही आहे: मार्कबरोबर राहणारा गायक रॉजर, त्याच्या प्रेमात पडणारी मिमी, कॉलिन्स, आणि कॉलिन्सचा जोडीदार एंजल. नाटक लिहिलं जात होतं तेव्हा याचा अर्थ काय होता, ते तुमच्या नटांना माहीत असणं हे सुरावटीहून महत्त्वाचं. एझेडटी हे पहिलं औषध अमेरिकेत मार्च 1987 मध्ये मंजूर झालं. ते दर चार तासांनी घ्यायचं, रात्रीसुद्धा, म्हणून लोक गजर लावलेले छोटे यंत्र जवळ बाळगत. 1994 मध्ये अमेरिकेत 25 ते 44 या वयातल्या लोकांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण एड्स होतं. नव्या औषधगटातलं पहिलं औषध डिसेंबर 1995 मध्ये मंजूर झालं, आणि अनेक औषधं एकत्र द्यायच्या उपचाराने 1996 पासून चित्र पालटायला लागलं. म्हणजे लार्सनने नाटक पूर्ण केलं त्या महिन्यात दार किलकिलं झालं होतं, पण त्याच्या पात्रांना ते ठाऊक नाही. आजच्या तरुण नटाला हे कल्पनेत आणायला वेळ लागतो. त्याने हा आजार आयुष्यभर गोळ्या घेऊन आटोक्यात ठेवायचा म्हणूनच ऐकलेला असतो. तो वेळ त्याला द्या.

त्या गजराचं नाटकात काय होतं ते बघा. पहिल्या अंकाच्या शेवटी लाइफ कॅफेत सगळे टेबलांवर चढून ‘ला व्ही बोहेम’ गात असतात. जगातल्या आवडत्या गोष्टींची यादी, धांगडधिंगा. मध्येच मिमीचा गजर वाजतो. ती गोळी घेते. रॉजर बघतो. आपल्याला आहे तेच हिलाही आहे, हे त्याला त्या आवाजावरून कळतं. त्यानंतरचं त्यांचं द्वंद्वगीत अर्धवट वाक्यांचं आहे, सांगायला सुरुवात करून थांबणाऱ्या माणसांचं. सबंध प्रेमकथेची कळ त्या एका गजरात आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात तो आवाज ड्रम्सच्या खाली दबला होता. प्रेक्षकांना दिसलं ते एवढंच की दोघं अचानक गंभीर झाली. दुसऱ्या वेळी पहिल्या तालमीपासून तो गजर खोलीत ठेवला. नटांना न सांगता, कुठल्याही गाण्याच्या मध्ये तो वाजायचा. वाजला की चौघांनी हातातलं सोडून गोळी घ्यायची. पहिल्या आठवड्यात सगळे वैतागले. तिसऱ्या आठवड्यात गाण्यांचा सूरच बदलला होता. माणसं ओळ पूर्ण करायची घाई करायला लागली होती, कारण मध्ये काही येईल हे अंगात भिनलं होतं.

म्हणून तालमी कुठून सुरू करायच्या याचं माझं उत्तर: मेणबत्तीच्या प्रसंगापासून. वीज कापलेली, मिमी मेणबत्ती पेटवायला रॉजरच्या दारात येते. ऑपेरात हाच प्रसंग आहे, तिथे तिची किल्ली हरवते आणि दोघं अंधारात शोधतात. इथे हरवते ती नशेची पुडी. सगळे हा प्रसंग लाडिक करतात, आणि चाल तशी खेळकर आहेच. पण दोघांनाही स्वतःचं माहीत आहे आणि समोरच्याचं माहीत नाही. रॉजरची आधीची मैत्रीण स्वतःचा जीव घेऊन गेली, आजाराची चिठ्ठी मागे ठेवून. तो सहा महिने घराबाहेर पडलेला नाही. मिमीचे हात थंडीने थरथरतात की दुसऱ्या कशाने, हे त्याला ओळखता येतं. या प्रसंगाचे शब्द आधी चालीशिवाय, लयीशिवाय, नुसते बोलून करून घ्या. तीन दिवस लागले तरी चालतील. मग चाल घाला. दोघांतलं ते लपवणं टिकलं, तर नाटक उभं राहिलं समजा.

दुसरा टप्पा ‘विल आय’. आधारगटात बसलेली माणसं एकच ओळ एकामागून एक उचलतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. सगळ्यांचा प्रश्न एकच, आजारात माझा मान राहील का. लार्सन स्वतः अशा आधारगटाच्या बैठकांना जात असे, त्याचे काही मित्र आजारी होते. इथे गायकीचा मोह टाळा. एकही हरकत नको, आवाजाला कंप नको, शेवटचा स्वर खेचायचा नाही. आणि दिशा ठरवून उभं करू नका, ज्याला जिथून ओळ सुचेल तिथून ती येऊ द्या. मी नटांना डोळे मिटून खोलीभर विखरून बसवलं होतं. शेजारच्याचा श्वास ऐकून ओळ उचलायची एवढीच सूचना.

ऑपेराशी तुलना करायची हौस तुम्हाला असेलच. नावांच्या जोड्या कुठेही मिळतील: रोडोल्फोचा रॉजर, मार्चेल्लोचा मार्क, म्युझेट्टाची मॉरीन, कोलीनचा कॉलिन्स, शोनारचा एंजल. ‘ला बोहेम’चा पहिला प्रयोग 1 फेब्रुवारी 1896 रोजी तुरिनला झाला, ‘रेंट’ बरोबर शंभर वर्षांनी आलं, हेही सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो कोट. ऑपेराच्या शेवटी कोलीन आपला जुना कोट विकायला काढतो, मरणाऱ्या मिमीच्या औषधासाठी. लार्सनने तो कोट उलट फिरवला. कॉलिन्सला पहिल्याच प्रसंगात गुंड मारतात आणि त्याचा कोट जातो. एंजल त्याला दुसरा घेऊन देतो. कोट जाण्याच्या जागी कोट येतो. त्याच्या जरा आधी दोघांचं द्वंद्वगीत येतं, आणि त्यात प्रेमासाठी सगळी भाषा घराची आहे: दार, भाडेकरू, करार, पांघरूण. नाटकाचं नाव इथे दुसऱ्यांदा उलगडतं. सुरुवातीला भाडं म्हणजे धमकी होती. इथे भाडं म्हणजे काही काळापुरतं मिळालेलं माणूस. दुसऱ्या अंकात एंजलच्या अंत्यविधीला कॉलिन्स तेच गाणं एकट्याने, संथ लयीत सुरू करतो. देहाला भाड्याचं घर म्हणण्याची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, त्यामुळे मराठी नटाला हा धागा समजावून सांगावा लागत नाही, फक्त दाखवून द्यावा लागतो. मी दुसऱ्या वेळी तो कोट शेवटपर्यंत रंगमंचावर ठेवला होता.

याच धाग्यावर मार्कचंही बघा. तो न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलच्या सुखवस्तू घरातला, आईचे फोन येतात, परत जायला घर आहे. त्याला आजार नाही. तो कॅमेऱ्यामागे लपतो असं रॉजर त्याला तोडून सांगतो, आणि त्यावर मार्कचं उत्तर असं की कदाचित मागे उरणारा मीच असेन. सगळे जातील आणि मी पाहत राहीन, ही त्याची भीती. बहुतेक नट मार्कला निवेदक करून टाकतात, चष्मा आणि मफलर घालून गोड हसणारा. त्याला पहिल्या अंकापासून ती भीती द्या.

आता वादकांबद्दल, कारण तुम्ही मोठा ताफा घ्यायचं म्हणत होतात. नको. मूळ प्रयोगात पाच वादक होते, रंगमंचावरच, कीबोर्ड, गिटार, बास, ड्रम्स. बोलण्याचे प्रसंग फारच थोडे, नाटक बहुतांश गाण्यांतूनच पुढे सरकतं. संगीत नाटकात पद कानाआड झालं तरी पुढच्या संवादाने गोष्ट सावरते. इथे एक ओळ हरवली की ती माहिती कायमची गेली. ‘ख्रिसमस बेल्स’मध्ये तर फेरीवाले, पोलीस, बेघर, गर्द विकणारा, दोन जोड्या असे पाच-सहा पदर एकाच वेळी चालतात. तिथे सगळं ऐकवायचा हट्ट धरू नका. त्या क्षणी कुठला पदर पुढे, ते बार (तालाचे खंड) मोजून ठरवा आणि बाकीच्यांना अर्ध्या आवाजात उतरवा. ड्रम्सपुढे पारदर्शक आडोसा घाला. ध्वनिसंयोजक पहिल्या तालमीपासून खोलीत हवा. तांत्रिक तालमीला येणाऱ्या माणसाला हे नाटक सांभाळता येत नाही.

रॉजरचा आवाज हा दुसरा धोका. उंच पट्टी, छातीतून, आणि सारखी ओरडण्याच्या काठावर. मूळचा रॉजर अ‍ॅडम पास्कल रॉक बँडमधून आलेला होता, नाटकाचा अनुभव नसलेला. त्यामुळे लोकांना वाटतं इथे कच्चा, खरखरीत गळाच हवा. खरखर हवी, पण ती रोज उद्याही करता आली पाहिजे. तालमीत रॉजर आणि मिमी यांना पूर्ण आवाजात आठवड्यातून दोनदाच गाऊ द्या, बाकी वेळ खुणेच्या आवाजात. रॉजरसाठी बदली गायक तयार ठेवा. 2019 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर हे नाटक थेट दाखवायचं ठरलं होतं, आणि आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीत रॉजर झालेल्या नटाचा पाय मोडला. शेवटी बहुतेक भाग त्या तालमीचं चित्रीकरणच दाखवावं लागलं. तुमच्याकडे तालमीचं चित्रीकरणही नसेल.

नेपथ्यावर पैसे घालू नका. मूळ प्रयोग लोखंडी टेबलं, खुर्च्या आणि भंगारातून उभारलेल्या एका मनोऱ्यावर चालला. माइकही लपवलेले नव्हते, नटांच्या गालावर सरळ दिसत. ब्रॉडवेला गेल्यावरही ते रूप पॉलिश केलं नाही. पहिल्या दोन रांगा प्रयोगाच्या दिवशी 20 डॉलरला विकायची पद्धत ठेवली, आणि त्या तिकिटांसाठी तरुण मुलं रात्रभर रस्त्यावर रांगा लावत. पुढे त्या रांगेच्या जागी सोडत आली. ज्यांच्याबद्दल नाटक, ते पुढच्या रांगेत बसले पाहिजेत, हा विचार मला नेपथ्याइतकाच नाटकाचा भाग वाटतो. तुमच्या प्रयोगातही पुढच्या दोन रांगा अशा ठेवता आल्या तर बघा.

कच्च्या जागांबद्दल प्रामाणिकपणे सांगते. रॉजर वर्षभर एक गाणं शोधतो, आणि अखेर जे गातो ते त्या शोधाच्या तोलाचं नाही. हे मी दोनदा वाजवून सांगते आहे. तो गिटारवर अधूनमधून ‘ला बोहेम’मधल्या म्युझेट्टाच्या वॉल्ट्झची सुरावट छेडत असतो. शेवटच्या गाण्यातून ती पूर्णपणे बाहेर पडते तेव्हा तीच खरी ठिणगी असते, गाणं तिच्यापुढे फिकं. माझा उपाय साधा होता. गाणं मोठं करायचा प्रयत्न सोडला. ताल काढला, फक्त गिटार ठेवली, त्याला मिमीच्या कानाशी गायला लावलं, सभागृहाकडे पाठ. ते महान गाणं नाही, उशीर झालेल्या माणसाचं गाणं आहे, एवढं पोचलं. मिमीचं परत श्वास घेणंही अनेकांना पटत नाही. ऑपेरात ती मरते. माझं मत असं की ती वाचते म्हणून दाखवू नका, तिला थोडा वेळ मिळाला आहे एवढंच दाखवा. ती उठून नाचायला लागली की संपलं. बसलेलीच ठेवा, अंगावर तो कोट. मॉरीन आणि तिची जोडीदार जोअ‍ॅन यांच्या वाट्याला भांडण आणि समेट याहून फार काही लिहिलेलं नाही, तिथे नटींनीच भर घालावी लागते. आणि चौघा आजाऱ्यांपैकी मरतो तो एंजल, सर्वांत उदार, साडी-चोळीच्या हौसेने नटावं तसं स्त्रीवेशात मिरवणारा, तर मध्यभागी राहतात रॉजर आणि मार्क. या आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उत्तर एकच सापडलं: एंजल मेल्यावरही त्याची जागा रिकामी ठेवायची. शेवटच्या समूहगीतात तो येतो तोपर्यंत त्याच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

परवान्याचं थोडक्यात. हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनल या संस्थेकडून घ्यावे लागतात, आणि भाषांतर करायचं तर त्याची वेगळी लेखी परवानगी. शाळांसाठी सौम्य केलेली वेगळी आवृत्ती त्यांच्याकडे आहे. तुमचा गट प्रौढांचा आहे, मूळचीच मागा. परवानगी येईपर्यंत एकही प्रयोग जाहीर करू नका.

मराठीत करायचा विचार असेल, तर नावापाशीच अडाल. इंग्रजीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ फाटलेलं, चिरफळलेलं असा आहे. ‘भाडं’मध्ये तो नाही, आणि मी तरी मूळ नाव तसंच ठेवीन. पण मिनिटांच्या गाण्यात एक सुखद गोष्ट सापडली. इंग्रजी ओळीत तेरा उच्चार आहेत. ‘पाच लाख पंचवीस हजार सहाशे मिनिटं’ सावकाश म्हणून बघा, तिथेही तेराच. आघात मात्र वेगळे पडतात: इंग्रजीत ओळ सुरुवातीलाच ठोका देते, आपल्याकडे ‘लाख’, ‘वीस’, ‘जार’ या लांब अक्षरांवर थबकते. कीबोर्डचा ठेका तोच ठेवून पहिलं अक्षर अर्ध्या मात्रेने उशिरा उचललं की ओळ बसते. गटातल्या दोघा-तिघांना घेऊन, वाद्याशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणून पाहा, आणि कशी बसते ते मला कळवा.